जे. जे. वॉटचा हार्वे मदतनिधी: एका देणगीदाराचा अभिप्राय

वादळांचा हंगाम सुरू झाला की ह्यूस्टनमधल्या आमच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. अमुक खेळाडूनं मदतनिधी उघडलाय, द्यावेत का पैसे? मी पेशानं लेखापरीक्षक, त्यामुळे विचारणारे माझ्याकडे येतात. ह्यूस्टन टेक्सन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा तेव्हाचा खेळाडू जे. जे. वॉट यानं २०१७ मध्ये हार्वे वादळासाठी उघडलेल्या निधीत मी पैसे दिले होते आणि त्याचे अहवाल नंतरही वाचत राहिले, म्हणून त्याच अनुभवावरून लिहिते. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते शेवटी सांगते.

हार्वे २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री रॉकपोर्टजवळ चौथ्या श्रेणीचं वादळ म्हणून किनाऱ्यावर धडकलं आणि मग पुढे सरकेचना. काही ठिकाणी दीड मीटरहून जास्त पाऊस पडला. टेक्सन्सचा संघ न्यू ऑर्लिन्सला सामना खेळायला गेला होता. परत येता येईना म्हणून डॅलसला जाऊन थांबला. तिथूनच वॉटनं व्हिडिओ टाकला, स्वतःचे १ लाख डॉलर घातले आणि उद्दिष्ट ठेवलं २ लाखांचं. जमले ३ कोटी ७० लाखांहून जास्त. देणारे २ लाखांच्या वर होते. टेनेसी टायटन्सच्या मालकीणबाई एमी अ‍ॅडम्स स्ट्रंक यांनी १० लाख डॉलर दिले, तेव्हा इथले जुने लोक गहिवरले. त्यांच्याच वडिलांनी ह्यूस्टनचा ऑयलर्स संघ उचलून टेनेसीला नेला होता आणि तो राग या शहरानं वीस वर्षं जपला होता.

पैसे देणं अगदी सोपं होतं. यूकेअरिंग नावाची साइट होती (पुढच्या वर्षी ती गोफंडमीनं घेतली). साइटचं स्वतःचं कमिशन नव्हतं, वाटल्यास टिप द्यायची. कार्डाचं शुल्क तेवढं कापलं जायचं.

खरी परीक्षा नंतर होती. पहिल्या काही दिवसांत वॉट आणि त्याचे सहकारी ट्रकमधून पाणी, कपडे, साफसफाईचं सामान उतरवून वाटताना दिसले. सगळे खूश. मग ऑक्टोबर उजाडला आणि कुरबूर सुरू झाली. आमच्या ओळखीतले एक काका मला म्हणाले, "अगं, एवढे पैसे नुसते पडून आहेत. सरळ वाटून का टाकत नाहीत? आणि या फुटबॉलवाल्याला घरं बांधण्यातलं काय कळतं?" ऑफिसात वेगळाच सूर होता. वॉटचा सहा वर्षांचा करार १० कोटी डॉलरचा, मग स्वतःचे एकच लाख का?

त्या शेवटच्या प्रश्नात मला कधीच दम वाटला नाही. त्याच्या एका लाखामुळे बाकीचे कोट्यवधी आले. पण काकांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर वॉटनं कृतीतून दिलं. घरं बांधण्यातलं आपल्याला कळत नाही हे ओळखून त्यानं ज्यांना कळतं त्यांच्या हाती पैसे दिले. एसबीपी ही कत्रिना वादळानंतर लुइझियानातल्या सेंट बर्नार्ड पॅरिशमध्ये उभी राहिलेली संस्था, ऑल हँड्स २००४ च्या त्सुनामीनंतरची. जेवणासाठी फीडिंग अमेरिका, पाळणाघरांसाठी सेव्ह द चिल्ड्रन. निधीतला मोठा भाग या चौघांत वाटून पुढच्या १८ ते २४ महिन्यांत खर्च करायचं ठरलं.

दोन वर्षं हा वेळ ज्यांना जास्त वाटतो त्यांनी पूर आलेलं घर आतून पाहिलेलं नसतं. ह्यूस्टनच्या मेयरलँड वस्तीत माझ्या एका सहकारी बाईंच्या घरी आम्ही शीटरॉक, म्हणजे भिंतींचे जिप्समचे तक्ते, काढायला गेलो होतो. पाणी कमरेएवढं चढलं होतं. भिंती त्याच्याही वरपर्यंत कापाव्या लागतात, आतलं ओलं इन्सुलेशन ओढून काढावं लागतं, गालिचे, कपाटं, फ्रिज सगळं रस्त्याच्या कडेला. मग लाकडी चौकट पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, नाहीतर नव्या भिंतीमागे बुरशी धरते. मग विम्याचा माणूस, फेमाचा (सरकारी आपत्तीमदत खात्याचा) माणूस, परवाने. त्या वर्षी फेमाचं वैयक्तिक अनुदान जास्तीत जास्त ३३,३०० डॉलर होतं आणि बहुतेकांना त्याच्या जवळपासही मिळत नाही. पूरविमा नसलेल्यांच्या घराचं काम सहा-आठ महिन्यांनी अडतं, बातम्यांतले कॅमेरे निघून गेलेले असताना. पैसा तेव्हा हातात हवा असतो. सगळा सप्टेंबरमध्येच वाटला असता तर या घरांसाठी काही उरलंच नसतं.

लोकांची शंका कुठून येते तेही मला समजतं. हैतीच्या भूकंपासाठी रेड क्रॉसनं सुमारे ५० कोटी डॉलर जमवले आणि कायमची घरं बांधली ६, असं प्रोपब्लिका आणि एनपीआर या अमेरिकी वृत्तसंस्थांनी २०१५ मध्ये छापलं होतं. ते वाचलेल्या माणसाला संस्थेपेक्षा ओळखीचा चेहरा बरा वाटतो. मात्र चेहरा बघून पैसे दिले तरी हिशेब मागायचा असतोच, आणि इथे तो न मागता मिळाला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, वर्ष होताच, आकडे आले: तोवर एकूण जमलेले ४ कोटी १६ लाख डॉलर, ६०० हून जास्त घरं, ४२० हून जास्त पाळणाघरं आणि शाळेनंतरची केंद्रं, २ कोटी ६० लाखांहून जास्त जेवणं. दुसऱ्या वर्षअखेरीस घरांचा आकडा १,१८३ वर गेला. पाळणाघरांवर खर्च केला याचं मला फार कौतुक आहे. मूल ठेवायला जागा नसेल तर आई कामावर जाऊ शकत नाही, आणि पगार बंद पडला की घराची दुरुस्तीही थांबते. हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

माझी एक मागणी अपुरी राहिली. जाहीर झालेल्या त्या आकड्यांत एका घरामागे सरासरी किती खर्च आला हे नव्हतं. माझ्यासारखीला तो आकडा हवा असतो.

अर्धा तारा मात्र त्यासाठी कापलेला नाही. २०१७ च्याच सप्टेंबरात बास्केटबॉलपटू टिम डंकननं कॅरिबियनमधल्या यूएस व्हर्जिन आयलंड्ससाठी त्याच साइटवर निधी उघडला. तो मूळचा तिथल्याच सेंट क्रॉइ बेटाचा, लहानपणी पोहणारा. १९८९ मध्ये ह्यूगो वादळानं बेटावरचा ऑलिम्पिक मापाचा तलाव उद्ध्वस्त केला आणि मुलगा बास्केटबॉलकडे वळला. त्यानं स्वतःचे अडीच लाख घातले, लोकांच्या पहिल्या १० लाखांएवढी रक्कम आपण देऊ असं सांगितलं, विमानानं सामान घेऊन स्वतः बेटावर गेला. कामाची तळमळ वॉटपेक्षा तसूभरही कमी नव्हती. पण तो आदल्या वर्षीच निवृत्त झालेला, मितभाषी, आणि त्याची माणसं टीव्हीवर दिसत नव्हती. आधी इर्मा वादळ, मग मारिया; बेटांवर वीज परत यायला महिने लागले. तरी त्याच्या निधीत वॉटच्या रकमेचा लहानसा अंशच जमला. खेळाडूंच्या भरवशावर चालणाऱ्या मदतीत पैसा गरजेच्या मागे न जाता प्रसिद्धीच्या मागे जातो, हा या व्यवस्थेतला दोष आहे आणि तो वॉटच्या प्रामाणिकपणानं भरून निघत नाही. मी स्वतः नंतर डंकनच्या निधीतही पैसे दिले, आणि विचारणाऱ्यांना आता आधी हेच विचारते की त्याच हंगामातल्या वादळांनी आणखी कुठे नुकसान झालंय, आणि तिथून कुणी हाक मारतंय का.