सोमवारी घारापुरी बंद असते, हे मला माहीत होतं

एकूण १४,२८९ रुपये गेले. अकरा जणींचे, आणि सगळे माझ्या मोबाईलवरून. दोन आठवडे मी घरात कुणाशी धड बोलले नाही. आज लिहायला बसले, कारण गाईड म्हणवणाऱ्या त्या माणसाचा धंदा अजून चालू आहे.

आमचा भिशीचा गट साताऱ्याचा. मी इतिहासाची शिक्षिका, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुंबई सगळ्यांनी पाहिलेली, पण लग्नाला नाहीतर दवाखान्याला. या खेपेला फोर्ट भाग कुणीतरी समजावून सांगेल असा नीट पाहायचा, असं ठरलं. चौकशी केली तर माणशी १,२००, १,५०० असे आकडे. आमच्यातल्या चौघींना ते झेपणारं नव्हतं. मग मोबाईलवर जाहिरात दिसली : मराठीतून हेरिटेज वॉक, माणशी २९९. अकरा जणींचे ३,२८९ आधीच भरले. स्वस्ताच्या मागे लागलात म्हणून फसलात, असं आता जाऊबाईंपासून सगळे ऐकवतात. शिलाईच्या पैशातून भिशी भरणाऱ्या बाईने स्वस्त शोधायचं नाही तर काय करायचं?

आणि माणूस खरोखर आला. रविवारी सकाळी आठला सीएसएमटीसमोर हजर, गळ्यात ओळखपत्र. वास्तुशिल्पी फ्रेडरिक स्टीव्हन्स, बांधकाम पुरं झाल्याचं साल १८८८, २००४ सालचा जागतिक वारसा दर्जा, सगळं घडाघडा बोलला. समोरच्या महापालिकेच्या इमारतीचीही माहिती दिली. इथेच माझा विश्वास बसला. ओळखपत्र मात्र हातात घेऊन वाचलं नाही. पर्यटन मंत्रालयाच्या परवानाधारक गाईडकडे ओळखपत्र असतं. ते मागा, त्याचा फोटो काढा, नाव आणि मुदत बघा. खरा गाईड रागावत नाही.

हुतात्मा चौकातून पुढे गेल्यावर मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या आवारात न्यायचं म्हणून 'विद्यापीठाची परवानगी' मागितली. माणशी १५०, म्हणजे १,६५०. क्यूआर कोड पुढे केला. स्कॅन केल्यावर नाव आलं भलत्याच बाईचं. 'वहिनीचं खातं आहे काकू.' मी पिन टाकला. फाटकापाशी जाऊन आला आणि म्हणाला, रविवार आहे, सिक्युरिटी सोडत नाही. मग बाहेरूनच सांगायला लागला, राजाबाई म्हणजे कुठल्याशा संस्थानची राणी. राजाबाई ही व्यापारी प्रेमचंद रायचंदांची आई. त्यांच्या देणगीतून १८७८ साली मनोरा पुरा झाला, हे मी वर्गात शिकवलंय. तरी गप्प बसले. चारचौघांत तरुण पोराला खोटं कशाला पाडायचं, असं वाटलं.

पण खरी वेळ पुढे होती, गेटवेवर. १५० परत मागितले तर म्हणाला, 'काकू, वाया कशाला घालवायचे? उद्या घारापुरी करू. लाँच, लेण्यांचं तिकीट, जेवण धरून हजार होतात, तुमचे दीडशे वळते करतो.' म्हणजे माणशी ८५०. वसुली होतेय म्हणून सगळ्या खूश. उद्या म्हणजे सोमवार. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. मी शाळेची सहल नेली होती तेव्हा याच कारणासाठी तारीख सोमवारवरून मंगळवारवर ढकलली होती, माझ्या हाताने! आणि त्या क्षणी, अकरा जणी उन्हात उभ्या, निम्म्यांचे पाय सुजलेले, एकीला स्वच्छतागृह हवंय, आणि तो म्हणतोय पाच मिनिटांत बुकिंग बंद होईल. सहलीला माणसाला वार आठवत नाही. मलाही आठवला नाही. 'उद्या' हा शब्द त्याने मुद्दाम वापरला, 'सोमवार' एकदाही उच्चारला नाही, हे नंतर कळलं. ९,३५० रुपये गेले. मग त्याने आमच्या गटाचा फोटो काढला आणि गर्दीत गेला.

सोमवारी सकाळी साडेआठला आम्ही गेटवेवर, त्याचा फोन बंद. तिकीटखिडकीवरचा माणूस म्हणाला, 'मावशी, आज सोमवार. लेणी बंद.' भारतीयांना लेण्यांचं तिकीट ४० रुपये आहे आणि लाँचचं तिकीट तिथे जागेवर मिळतं. मधल्या माणसाची गरजच नव्हती.

पुढची कहाणी सांगताना आजही हात थरथरतात. जवळच्या पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. 'पैसे ऑनलाईन गेलेत ना? सायबरला जा.' सायबरवाले म्हणाले, 'माणूस समोर होता, स्कॅन तुम्ही केलं, पिन तुम्ही टाकला, यात सायबर कुठलं?' साताऱ्यात परत आले तर, 'घटना मुंबईची, तिकडेच द्या.' १ जुलै २०२४पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, फसवणुकीसारखा दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ठाण्याने नोंदवायचा असतो. मी हे कागदावर लिहून नेलं होतं. कागदाकडे न बघता हवालदार म्हणाला, 'काकू, चौदा हजारांसाठी मुंबईच्या खेपा घालणार का?' हो, घालणार! तुमच्या लेखी ते चौदा हजार असतील. बँकेत व्यवहार 'ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला' म्हणून फाईल बंद. ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव, वेळ, व्यवहार क्रमांक, सगळं माझ्याकडे आहे. ते खातं कुणाचं, एवढं बघायला कुठेच कुणी तयार नाही. चौथ्यांदा ठाण्यात गेल्यावर नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तेव्हा शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन करा. मी तिसऱ्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

गेटवे बघायला पैसे पडत नाहीत. सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत आपलं आपण चालत जाता येतं. महापालिकेच्या इमारतीत शनिवार-रविवारी नोंदणी करून अधिकृत वॉक असतो, आम्ही त्याच्या दारातून पुढे गेलो. आगाऊ पैसे वॉकचेच द्या, दुसऱ्या दिवसाचे कधीही नाही.

दहा जणींचे मी पेन्शनमधून परत करायला गेले. दोघींनी घेतले नाहीत, एकीने घेतले पण आता फोन उचलत नाही.

परवा भाचीने नवी जाहिरात दाखवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, दर २४९. खाली 'आमचे समाधानी पर्यटक' म्हणून गेटवेसमोरचा एक फोटो आहे, मोरपंखी साड्यांतल्या अकरा बायकांचा. तो फोटो दिसला तर पैसे भरू नका. त्या बायका आम्हीच आहोत.