नाशिकच्या खाणींचा नकाशा: उपग्रह, सरकारी यादी की ड्रोन?

जिल्ह्यात चालू दगडखाणी किती आणि कुठे, याचा नकाशा करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी ड्रोनची चौकशी करतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी.

सुरुवात उपग्रह चित्रांपासून करावी. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट आहेत आणि साधारण दर पाच दिवसांनी नवी मिळतात. पण त्यातली एक चौकट (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरची, म्हणजे एकरभराची खाण जेमतेम ४० चौकटींत बसते. सारूळच्या बाजूच्या मोठ्या खाणी सहज ओळखू येतात, शेताच्या कडेला मुरमासाठी केलेला खड्डा निसटतो. गुगल अर्थवर चित्र खूप स्पष्ट, जुनी वर्षंही मागे जाऊन पाहता येतात. मात्र तिथलं शेवटचं चित्र वर्षभर जुनं निघालं, तर त्यावरून खाण आज चालू आहे असं म्हणता येत नाही. म्हणून हद्द गुगल अर्थवर आखावी आणि हालचाल सेंटिनेलवर तपासावी. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो: निफाड, दिंडोरीकडची शेततळी. खणून नुकतंच तयार झालेलं, अजून कागद न अंथरलेलं तळं वरून खाणीसारखंच दिसतं. संगणकाला आपोआप खाणी शोधायला लावलं तर यादीत तळी घुसणारच.

सरकारी नोंदींचं बळ वेगळंच. परवानगी कोणाला, कोणत्या गटात, किती ब्रास मालाची आणि कधीपर्यंत, हे कोणत्याही चित्रात दिसत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू) शाखेकडे माहितीच्या अधिकारात यादी मागता येते, जिल्हा सर्वेक्षण अहवालही चाळावा. वाहतुकीचे पास राज्य सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवर निघतात, त्यामुळे खाणीच्या नावावर माल निघतोय का हे तिथून कळतं. उणीव उघड आहे: विनापरवाना खाण यादीत नसते. शिवाय परवानगी एका गटाची आणि खोदकाम शेजारच्या गटात, हा प्रकार कागदावर कधीच दिसणार नाही. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरच्या गटाच्या हद्दी चित्रावर ठेवल्या की असं खोदकाम नजरेस येतं. पण या हद्दी थोड्या सरकलेल्या असू शकतात, तेव्हा पाच-दहा मीटरवरून कोणावर आरोप करू नका.

ड्रोन आणि ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या यंत्राने जागेवर केलेली) मोजणीची गरज खोलीसाठी. वरून पसारा दिसतो, पण रॉयल्टी ब्रासवर लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकरभर खाण एकच मीटर खोल गेली, तरी सुमारे १,४३० ब्रास दगड निघाला, आणि साध्या चित्रात खाणीची कडा तसूभरही हललेली दिसत नाही. पण खर्च मोठा आणि नाशिकला उड्डाणाची अडचणही मोठी: देवळालीचं तोफखाना प्रशिक्षण केंद्र, गांधीनगरचं लष्करी विमानतळ, ओझरची धावपट्टी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही अशा लाल-पिवळ्या क्षेत्रांचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन मंचावर आधी पाहा.

तेव्हा अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा हवा असेल, तर उपग्रह आणि यादी एवढ्यावरच थांबा. दोन्हींचा मेळ न बसणाऱ्या जागी मात्र स्वतः जाऊन या. ताजा फुटलेला दगड, क्रशरची धूळ, हायवांची (डंपरची) चाकोरी पाहिली की खाण चालू आहे का हे लगेच कळतं. एकाच डोंगराचा वाद ग्रामसभेत किंवा तहसीलदारांपुढे न्यायचा असेल, तर पैसे मोजणीवर घाला, आणि ती तहसील कार्यालयामार्फतच करून घ्या; खासगी मोजणीवर समोरचा पहिल्याच दिवशी हरकत घेतो. जून ते सप्टेंबर यातलं काहीच हाती घेऊ नये. वर ढग, खाली पाण्याने भरलेल्या खाणी.