माहीम दर्ग्याजवळचे दानाचे जेवण

माहीमच्या मखदूम अली माहिमी दर्ग्याजवळच्या काही खानावळींसमोर भुकेलेली माणसे रांगेत उकिडवी बसलेली असतात आणि एखादा वाटसरू गल्ल्यावर जितक्या जणांचे पैसे भरेल, तितक्यांना आतून जेवण मिळते. सिग्नलवर पुढे आलेल्या हातावर नाणे ठेवावे की नाही, या संभ्रमावर मला ही सोय पटली, कारण पैशाचे अन्न आपल्या डोळ्यांदेखत होते. खटकते ते माणसांचे असे रस्त्यावर ताटकळणे. तरीही मागणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणाऱ्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यापेक्षा ही रांग अधिक माणुसकीची आहे. औषध किंवा गावी परतण्याचे भाडे हवे असणाऱ्याला मात्र या ताटाचा उपयोग नाही, म्हणून त्याला मी रोखच देतो. पैसे भरल्यावर किती जणांना वाढले गेले, हे थांबून पाहावे.