दिसायला सरबत, आत दारू: फळांच्या चवीच्या तयार डब्यांचं परीक्षण

'हार्ड सोडा', 'हार्ड सेल्टझर' (सेल्टझर म्हणजे बुडबुड्यांचं पाणी, 'हार्ड' म्हणजे मद्य घातलेलं) अशा नावांनी येणारे हे डबे. चवीबद्दल इथे काही नाही, तपासलंय ते वेष्टन. पंधरा वर्षांच्या मुलाने डबा उचलला तर ही दारू आहे हे त्याला लगेच कळेल का? यातल्या कित्येक डब्यांना इथेच शून्य गुण.

दर्शनी बाजूला फळाची फोड, झगमगीत रंग आणि 'शून्य साखर'. मद्याची खूण म्हणजे फक्त 'हार्ड' हा शब्द, आणि तो ठाऊक नसेल तर कडक चवीचा सोडा असेल असंच वाटणार. टक्केवारी मागे, बारकोडजवळ, चकचकीत पत्र्यावर बारीक अक्षरांत. गार डब्यावर पाणी सुटलं की तीही दिसेनाशी होते.

टक्केवारी सापडली तरी ती एकटी फसवते. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९ केलं की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ५ टक्क्यांचा ३३० मिलीचा डबा १३ ग्रॅम; ८ टक्क्यांचा ५०० मिलीचा साधारण ३२ ग्रॅम. चाळीस टक्क्यांच्या दारूचा ३० मिलीचा पेग साडेनऊ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे त्या मोठ्या डब्यात तीनहून जास्त पेग. वर डब्याचं झाकण पुन्हा लावता येत नाही. फोडला की संपवायचा. गोडी, आंबटपणा आणि गारवा मिळून अल्कोहोलची जळजळ झाकतात, त्यामुळे घोट मोठे जातात, आणि पहिल्याचा पुरता अंमल चढायच्या आत दुसरा फुटतो.

कॅफीन मिसळलेला प्रकार सगळ्यात वाईट. झोप उडते, नशा तेवढीच राहते. पिणाऱ्याला मात्र आपण शुद्धीत आहोत असं वाटतं. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पेयांच्या चार उत्पादकांना ताकीद दिली, आणि त्यांतल्या 'फोर लोको'मधून कॅफीन काढलं गेलं.

डब्यांचा घाट किती सारखा असतो ते जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतच दिसलं. पुरवठादाराने 'सेल्सियस' या एनर्जी ड्रिंकचे रिकामे डबे चुकून 'हाय नून' या मद्यपेयाच्या ब्रँडकडे पाठवले, त्यांत व्होडका सेल्टझर भरलं गेलं, आणि माल परत मागवावा लागला. ओळखायची खूण काय, तर झाकण चंदेरी.

दुकानदारासाठी दोन गोष्टी: हे डबे शीतपेयांच्या फ्रिजमध्ये नकोतच, आणि बारकोड वाचताच बिलिंग यंत्राने वय विचारलं पाहिजे, म्हणजे गर्दीत गल्ल्यावरच्या माणसाच्या नजरेवर भिस्त राहत नाही. घरी वेगळा कप्पा पुरत नाही, कुलूप हवं. त्याच ब्रँडचा '०.०', म्हणजे बिनअल्कोहोलचा, डबा शेजारी ठेवू नका. दोन्हींचं चित्र बहुधा एकच असतं, फरक तेवढ्या आकड्याचा.