नॉर्वेच्या राजांच्या सागा: आधी ‘हाइम्सक्रिंग्ला’ की ‘मोर्किनस्किन्ना’?

नॉर्वेच्या राजांच्या सागा, म्हणजे मध्ययुगातल्या गद्य कथा, वाचायच्या म्हटलं की जो तो ‘हाइम्सक्रिंग्ला’ सुचवतो. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननं १२३० च्या सुमारास रचलेल्या या सोळा सागा दंतकथेतल्या यिंगलिंग घराण्यापासून ११७७ पर्यंत येतात. राजासमोर म्हटलेली कवनं स्नोरी पुरावा मानतो. न केलेला पराक्रम तोंडावर गायला तर ती स्तुती नव्हे, चेष्टाच ठरेल, असं त्याचं म्हणणं. त्याचं गद्य घट्ट आहे. १०३० च्या स्टिक्लेस्टाडच्या लढाईनंतर जखमी कवी थोरमोड छातीतला बाण चिमट्यानं स्वतः उपसतो. टोकाला काळजाचे तंतू लोंबताना पाहून म्हणतो, राजानं आम्हाला चांगलं पोसलंय, काळजाच्या मुळाशी अजून चरबी आहे. आणि कोसळतो.

‘मोर्किनस्किन्ना’ त्याहून दहाएक वर्षांनी जुनी, लेखक अज्ञात. नावाचा अर्थ बुरसटलेलं चामडं. ती स्टिक्लेस्टाडला पडलेल्या ओलाफ राजानंतर सुरू होते आणि ११५७ पाशी मध्येच तुटते. पसारा मोठा, पण राजाच्या दारात येणारी साधी माणसं इथे भेटतात. औदुन नावाचा गरीब आइसलंडर ग्रीनलंडमध्ये होतं नव्हतं ते देऊन पांढरं अस्वल घेतो आणि डेन्मार्कच्या स्वेन राजाला नजराणा द्यायला निघतो. वाटेत नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा. त्याचं स्वेनशी युद्ध चालू, तरी तो अस्वल न हिसकावता औदुनला जाऊ देतो. परतताना औदुन स्वेननं दिलेलं कडं हाराल्डच्या हातात ठेवतो: माझा जीव आणि अस्वल दोन्ही तुम्हाला घेता आले असते, तुम्ही घेतले नाहीत. स्नोरीनं ही कथा वगळली. मला ते अजून सलतं.

याच राजांवरची तिसरी, ‘फाग्रस्किन्ना’, थोडक्यात राजे आणि लढाया सांगते. तिची मूळ हस्तलिखितं १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत गेली, नकला उरल्या. उजळणीला ठीक.

घराण्याचा सलग धागा हवा असेल तर ‘हाइम्सक्रिंग्ला’च घ्या, फक्त यिंगलिंगांची वंशावळ मागे ठेवून काळ्या हाल्फदान राजाच्या सागेपासून सुरुवात करा. वायकिंग सोसायटीचा इंग्रजी अनुवाद फुकट मिळतो. वेळ एकाच सागेपुरता असेल, तर मात्र हाराल्डची घ्या, आणि ती ‘मोर्किनस्किन्ना’तून.