क्लच फोर्कची पिन: नायलॉन, स्टील की फॉस्फर ब्रॉन्झ?

क्लचचा फोर्क (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारी तरफ) नायलॉनच्या पिनेवर टेकलेला असलेली गाडी तुमच्याकडे असेल आणि ती पिन एकदा तरी मोडली असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कंपनीची तशीच पिन पुन्हा घालायची की लेथवर धातूची करून घ्यायची? मी तिन्ही वापरून पाहिल्या आहेत. गाडी एकच, वीसेक वर्षांची युरोपीय सेदान. अनुभव तेवढ्यापुरताच आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

माझी पिन पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर गेली. आधी आठवडाभर क्लच खाली-खाली धरू लागला होता, रिव्हर्स टाकताना दात वाजत होते. त्या दिवशी पेडल दाबलं तर अर्ध्यात हलकं पडलं, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली ती अडकलीच. गिअरबॉक्स खाली घेतल्यावर बेल हाउजिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, पिनेचं डोकं सुटं मिळालं. रंग पिवळट-तपकिरी, नखानं दाबलं तर कपची निघेल असं.

नायलॉनला मी वाईट म्हणणार नाही. या जागी भार दाबाचा असतो. एका टोकाला पेडलच्या दाबानं चालणारा स्लेव्ह सिलिंडर ढकलतो, मध्ये थ्रस्ट बेअरिंग प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीवर) रेटतं, आणि दुसरं टोक या पिनेवर टेकून राहतं. थ्रस्ट बेअरिंग जर फोर्कच्या बरोबर मध्यावर असेल, तर बेअरिंगवरचा निम्मा भार प्रत्येक दाबाला पिनेवर येतो. चांगलं नायलॉन तो वर्षानुवर्षं सोसतं, आवाज करत नाही आणि फोर्कला ओरखडाही येऊ देत नाही. त्याचं वैर उष्णतेशी आणि वयाशी. शेजारी क्लच प्लेट तापते, आणि पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच धरून चालवणाऱ्याची जास्तच तापते. वर्षानुवर्षं भाजून ते ठिसूळ होतं आणि शेवटी तुटतं. दर क्लच किटबरोबर न चुकता नवी पिन घालणार असाल आणि पार्ट वेळेवर मिळत असेल, तर नायलॉनच राहू द्या म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. मला तो पार्ट मिळायला तीन आठवडे लागणार होते, म्हणून मी भोसरीतल्या लेथवाल्याची वाट धरली.

पहिल्यांदा मी स्टीलची करून घेतली. तुटलेली वस्तू दिसली की मन आधी ताकदीकडेच धावतं. ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या साध्या स्टीलचा) राउंड बार टर्नरकडे, म्हणजे लेथ चालवणाऱ्याकडे, पडलेलाच होता, तासाभरात जॉब तयार झाला. हातात घेतल्यावर वाटलं, आता ही पिन माझ्यानंतरही राहील. टर्नर मात्र तेव्हाच म्हणाला होता, “साहेब, फोर्कपण स्टीलचा आहे ना? लोखंडावर लोखंड घासलं की एकमेकांना धरतं. गनमेटल नाहीतर ब्रॉन्झ टाका.” मी ऐकलं नाही. ग्रीस भरपूर लावू, असं म्हणालो.

चार महिने सुखाचे गेले. मग आवाज सुरू झाला. पेडल खाली जाताना ‘चिर्र’, वर येताना पुन्हा ‘चिर्र’. वाकड ते हिंजवडी या रस्त्यावर सकाळी क्लच किती वेळा दाबावा लागतो, ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. प्रत्येक दाबाला तो आवाज. काच खाली घेतली की शेजारचा दुचाकीवाला वळून बघायचा. आई मागच्या सीटवर बसली होती, ती म्हणाली, “अरे, हिला काहीतरी दुखतंय.” ते वाक्य मनातून जाईना.

आधी संशय थ्रस्ट बेअरिंगवर गेला. पण बेअरिंग खराब असेल तर पेडल दाबून धरलं असतानाही घरघर चालू राहते. हा आवाज पेडल हलतं तेवढ्यापुरताच यायचा. पेडलच्या बुशाला तेल दिलं, फरक नाही. घरातल्या कोणाला तरी पेडल दाबायला सांगून बॉनेटपाशी कान दिला, तेव्हा आवाज बेल हाउजिंगमधूनच येतोय हे कळलं. तुमच्याकडे आवाज येत असेल तर गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी एवढं नक्की करून बघा.

आणि खरी अडचण इथेच आहे. या पिनेला ग्रीस द्यायला बाहेरून जागा नाही. दोन थेंब ग्रीससाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा, म्हणजे गॅरेजचा पूर्ण दिवस. भरपूर लावलं तरी वरचं ग्रीस फिरत्या भागांवरून उडून प्लेटवर जायची भीती, मग क्लच स्लिप. ते ओझं मी सहा महिने काढलं. शेवटी उघडलं तेव्हा पिन शाबूत होती, नुसत्या डोक्यावर उभे ओरखडे. पिनेचं डोकं जिच्यात बसतं ती फोर्कची वाटी मात्र खोल गेली होती, आत काळपट धातूचा लगदा. म्हणजे जी झीज स्वस्त पिनेत व्हायची, ती मी महागड्या फोर्कमध्ये नेऊन ठेवली होती. फोर्क नवा घ्यावा लागला.

ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील) घेऊन हार्डनिंग केलं असतं तर? पिनेचं डोकं आणखी टिकलं असतं, हे खरं. पण मऊ फोर्कवर कडक पिन घासली की झिजणार फोर्कच, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. ज्यांच्या फोर्कच्या वाटीत प्लास्टिकची टोपी बसते, त्यांचं गणित वेगळं असू शकेल. तिथे स्टील चालून जाईल.

दुसऱ्यांदा फॉस्फर ब्रॉन्झ घेतलं, सुमारे दहा टक्के कथील असलेलं. स्टीलसमोर ते धरत नाही, ग्रीस सुकलं तरी निमूट सरकतं, आणि झिजायचंच झालं तर आधी स्वतः झिजतं. आणखी एक फायदा मला नंतर हिशेब करताना कळला. बेल हाउजिंग ॲल्युमिनियमचं. पिनेचा दांडा १६ मिमीचा आणि तापमान ८० अंशांनी वाढलं, असं धरा. भोक आणि स्टीलचा दांडा यांच्या फुगण्यात जवळपास दीड शतांश मिलिमीटरचा फरक पडतो, ब्रॉन्झच्या दांड्यात अर्ध्या शतांशाहून थोडा जास्त. दोन शतांशांची पकड ठेवून, म्हणजे दांडा भोकापेक्षा तेवढा जाड ठेवून, ठोकलेली स्टीलची पिन गरम झाल्यावर जेमतेम धरून राहते, ब्रॉन्झची बऱ्यापैकी घट्ट.

पितळ? लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, दुकानात सहज मिळतं, आणि घाईत असाल तर स्टीलपेक्षा मी तेच घेईन. पण डोकं दाबानं हळूहळू चपटं होईल अशी मला शंका आहे. ओतीव गनमेटलही (तेही एक प्रकारचं ब्रॉन्झच) चालावं, फक्त आत हवेची पोकळी नाही ना ते बघून घ्या. ॲल्युमिनियमचा विचार सोडून द्या.

करून घेणार असाल तर टर्नरकडे तुटकी पिन नका नेऊ, त्यावरून माप चुकतं. हाउजिंगच्या खांद्यापासून डोक्याच्या टोकापर्यंतची उंची नव्या पिनेवरून किंवा दुसऱ्या गाडीतून घ्या; ती बदलली की फोर्कचा कोन बदलतो आणि पेडलची धरण्याची जागाही. डोकं आणि दांडा जुळतात तिथे चौकोनी खाच नको, गोलाई ठेवायला सांगा. नायलॉनची पिन बरोबर तिथेच मोडते. डोक्याला बारीक पॉलिश पेपर मारून आरशासारखं करा, टोकावर ड्रिलनं लहानसा खळगा पाडा, त्यात मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं) ग्रीस थोडंसंच. फोर्क पिनेवर धरून ठेवणारी स्प्रिंग क्लिप नवीच घाला.

ब्रॉन्झच्या पिनेला आता अडीच वर्षं होतील. गिअरबॉक्स उघडलेला नाही, त्यामुळे फोर्कची वाटी कशी आहे ते मी पाहिलेलं नाही. पेडल मात्र पहिल्या दिवसासारखं आहे, आवाज एकदाही नाही. बार सहा इंचांचाच घ्यावा लागला होता. उरलेल्यातून दुसरी पिन करून तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवली आहे, पुढच्या क्लच प्लेटच्या वेळी हाताशी असावी म्हणून.