द्राक्षबागेवर प्लास्टिक की जाळी?

दिंडोरीचा भाचा विचारत होता, बागेवर प्लास्टिक टाकू की गारपीटरोधक जाळी? विक्रेता म्हणतो, एकात सगळं भागतं. भागत नाही.

आधी शत्रू ओळखा. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग पडतो तेव्हा पाऊस धो धो पडतो. निफाडने २६ नोव्हेंबर २०२३ ला अवकाळी आणि गारा दोन्ही सोसल्या.

पाऊस: इथे प्लास्टिकच. डाऊनी (केवडा) या बुरशीच्या रोगाला पानावर ओल लागते. पान कोरडं राहिलं की रोग अडतो, फवारण्या घटतात. पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या मण्यांना तडेही कमी जातात. जाळीतून पाणी सरळ खाली येतं. पण प्लास्टिकच्या कागदाखाली भुरी या दुसऱ्या बुरशीवर डोळा ठेवा, तिला ओल्या पानाची गरज नसते. उन्हाळ्यात आत उकाडाही होतो.

गारा: जाळी त्या झेलते, फक्त थर साचून ओझं होणार नाही असा उतार हवा. प्लास्टिकही झेलतं, मोठ्या गारेने फाटतं.

वारा: जाळीतून निघून जातो, कागद शिडासारखा फुगतो. एक कडी सुटली की अख्खी ओळ फडफडते.

खर्च: सांगाडा दोन्हीला लागतो, आणि खरा पैसा तिथेच जातो. कागद उन्हाने लवकर जीर्ण होतो, जाळी जास्त टिकते.

बागलाणसारखी आगाप, म्हणजे लवकरची छाटणी असेल, फुलोरा पावसात सापडत असेल, तर प्लास्टिक. ऑक्टोबर छाटणी, डाऊनी आटोक्यात आणि धास्ती फक्त गारांची, तर जाळी. भाच्याची बाग उघड्या माळावर आहे. त्याला मी जाळीच सांगितली.